सीएसआरचे 18 लाख आणि शेजारच्या गावातला कुलूपबंद आरओ

वेणाकाठ | 11 जानेवारी, रात्री 9:40

मंडळी, सल्ला पाहिजे. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

बुटीबोरीपासून पंधराएक किलोमीटरवर आमचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही, काम अजून व्हायचं आहे. साडेतीनशे उंबऱ्यांचं गाव, कपाशी आणि तूर, निम्मे पोट्टे एमआयडीसीत. मी हिंगण्याला वर्कशॉपमध्ये असतो, शनिवारी घरी जातो. वहिनी ग्रामपंचायत सदस्य आहे, म्हणून हे लचांड माझ्या गळ्यात आलं.

मागच्या आठवड्यात एका कंपनीचे सीएसआरवाले (कंपनीने नफ्यातला ठरावीक हिस्सा समाजाच्या कामावर खर्च करायचा, तो सीएसआर) साहेब पंचायतीत आले. माणूस बरा वाटला. चहा घेतला, लॅपटॉप उघडला आणि म्हणाले, "गावाला काय पाहिजे ते सांगा. 18 लाखांपर्यंत बसवता येईल, फक्त 31 मार्चच्या आत झालं पाहिजे." दहा मिनिटांत यादी तयार. सरपंचांना वेशीवर कमान, भजनी मंडळाला सभामंडप, पोट्ट्यांना ओपन जिम. साहेबांनी स्वतः सुचवलं, आरओ प्लांट घ्या, तो लवकर मंजूर होतो.

आरओ म्हटल्यावर वहिनी हसली. शेजारच्या गावात तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीने दिलेला आरओ आहे. रविवारी मी मुद्दाम जाऊन पाहून आलो. निळ्या पत्र्याची खोली, शटरला कुलूप, कुलपाला गंज. नाणं टाकायच्या फटीत पाच रुपयांचं नाणं आडवं अडकलेलं, ते अजून तसंच. नळाला जुन्या साडीचा काठ गुंडाळलेला, गळत होता तेव्हाचा असेल. मागच्या खिडकीची जाळी फाटलेली आणि आत मशीनवर कोंबडी अंडी उबवत बसलेली. बोर्ड मात्र कालच लावल्यासारखा चकचकीत.

आठ महिने चालला म्हणे. मग वीजबिल थकलं. मीटर पंचायतीच्या नावावर. पंचायत म्हणते प्लांट कंपनीचा, कंपनी म्हणते आम्ही हस्तांतर करून मोकळे झालो. दोघांकडेही कागद आहे.

26 जानेवारीला ग्रामसभा आहे. त्यात काय मागायचं?

---

तर्रीपोहे | 11 जानेवारी, रात्री 10:05

कमान घ्या भाऊ. कमानीले बिल येत नाही, कोंबडीही बसत नाही.

आमच्याकडे वृक्षारोपण झालं होतं. जुलैत फोटो, मे महिन्यात काड्या. 47 डिग्रीत बिनपाण्याचं झाड जगते का बाप्पा? ट्री-गार्ड मात्र एक नंबर. त्यावरचं कंपनीचं नाव आजही हिरवंगार आहे. आता लोक त्यात बकरी बांधतात.

---

लेखाशीर्ष | 11 जानेवारी, रात्री 11:20

व्यवसायाने सीए आहे, म्हणून कायद्याचं तेवढं बोलतो.

कंपनी कायदा 2013, कलम 135. 1 एप्रिल 2014 पासून लागू. नेटवर्थ (निव्वळ मालमत्ता) 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यातली एकही रेषा ओलांडली की कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करावाच लागतो. कशावर, ते सातव्या परिशिष्टात आहे: पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, उपजीविका, पर्यावरण, ग्रामविकास वगैरे. सभामंडप त्यात बसत नाही, तो विषय सोडून द्या. कमान "ग्रामविकास" म्हणून ओढूनताणून बसवणारे भेटतील, पण तुमच्या वहिनीला ते पटेलसं दिसत नाही.

आता मुद्द्याचं. "31 मार्चच्या आत" ही अट कायद्याची नाही, साहेबांच्या सोयीची आहे. काम एका वर्षात संपणारं नसेल, तर कंपनीचं संचालक मंडळ त्याला चालू प्रकल्प ठरवू शकतं. मग उरलेली रक्कम 30 एप्रिलच्या आत वेगळ्या "अखर्चित सीएसआर खात्यात" टाकायची आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्च करायची. 2021 च्या दुरुस्तीपासून ही सोय आहे. म्हणजे चार वर्षांचं काम मागता येतं. मार्चमध्ये फीत कापायची घाई असते ती फाइल बंद करायची.

कंपनीच्या परिसराला प्राधान्य द्यावं असं कलमात लिहिलंय खरं, पण केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने 2021 मध्येच सांगून टाकलंय की ते मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही. तेव्हा "आमचा हक्क आहे" म्हणून टेबलावर हात आपटू नका.

---

एम्प्रेसवाला | 12 जानेवारी, सकाळी 7:15

लेखाशीर्षभाऊ, हात आपटू नका काय? हक्क नाही तर मग काय, भीक?

माझे आजोबा नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम होते. मिल सुरू झाली 1 जानेवारी 1877 ला. 1886 मध्ये तिथे कामगारांचा पेन्शन फंड होता, 1895 मध्ये अपघाताची भरपाई. कोणत्या कलमाने सांगितलं होतं जमशेटजी टाटांना? आज त्या जागेवर मॉल आहे, तो भाग वेगळा.

आणि माझ्या सासुरवाडीला वावराच्या धुऱ्याला लागून खाण आहे. कपाशीच्या बोंडावर काळी धूळ बसते, व्यापारी भाव पाडून मागतो. दिवाळीला कंपनीचे लोक येऊन ब्लँकेट वाटतात आणि फोटोत सासऱ्यांना मधोमध उभं करतात. सासऱ्यांनी यंदा ब्लँकेट घेतलं आणि विचारलं, "हे कपाशीवर पांघरू का?" कोणी हसलं नाही.

---

लेखाशीर्ष | 12 जानेवारी, सकाळी 10:30

एम्प्रेसवालाजी, सासरेबुवांना नमस्कार सांगा. पण तीन खिसे वेगळे ठेवा, नाहीतर तिन्हीकडून हात हलवत परत याल.

धुळीने पिकाचं नुकसान ही सीएसआरची बाब नाहीच. ती प्रदूषण नियंत्रण मंडळाकडची तक्रार आणि नुकसानभरपाईची मागणी. ब्लँकेट घेतल्याने ती संपत नाही, फक्त "आमची काही तक्रार नाही" अशा कागदावर अंगठा देऊ नका. दुसरा खिसा जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा. खाण कायद्याच्या 2015 च्या दुरुस्तीनंतर खाणवाल्यांना रॉयल्टीच्या वर ठरावीक हिस्सा त्यात भरावाच लागतो, आणि तो पैसा खाणबाधित भागासाठीच आहे. तिथे हक्काने मागा, तिथे टेबलावर हात आपटला तरी चालेल. सीएसआर हा तिसरा खिसा, आणि त्याची चावी कंपनीकडे.

---

माजी_सीएसआरवाला | 12 जानेवारी, दुपारी 2:10

अकरा वर्षं याच धंद्यात होतो, आता बाहेर आहे. थोडं आतलं सांगतो.

आरओ लवकर मंजूर होतो कारण तो कागदावर सुंदर दिसतो. तीन कोटेशन, एक उद्घाटन, एक फोटो. लाभार्थी मोजायची कटकट नाही, गावाची अख्खी लोकसंख्या टाकायची. मी स्वतः एका अहवालात आरोग्य शिबिरांचे 1,140 लाभार्थी लिहिलेत. गावात माणसं 900. तीन शिबिरं झाली होती आणि एकच आजी तिन्ही रजिस्टरांत होती, तिन्ही ठिकाणी अंगठा. आजी बिचारी गुडघ्यासाठी येत होती, आणि तिन्ही वेळा डोळ्यांचा डॉक्टर आला होता.

तुमच्याकडे आलेले साहेब वाईट नसतील. त्यांच्यावर पंचवीस-तीस गावं असतील, आणि वर्षाखेरीला त्यांना एकच विचारतात: किती खर्च झाला? प्लांट दोन वर्षांनी चालू आहे का, हे मला अकरा वर्षांत कोणी विचारलं नाही. तेव्हा ते तुम्ही आधीच विचारायचं. मशीन येण्याआधी चार माणसं ठरवा: बिल कोण भरणार, बिघडलं तर फोन कोण करणार, पैसे कोणाच्या खात्यातून जाणार, आणि पैसे संपले तर काय. या चार ठिकाणी नावं लिहिता येत नसतील तर मशीन घेऊ नका. खरंच घेऊ नका, नाही म्हणा. "नाही" म्हणणारं गाव मी एकच पाहिलं, आणि पुढच्या वर्षी आम्ही त्यांच्याकडेच गेलो.

---

लेखाशीर्ष | 12 जानेवारी, दुपारी 3:00

वरच्याला पुरवणी. प्रकल्पाचा परिणाम तपासणं कायद्याने सक्तीचं आहे, पण फक्त ज्यांचं सरासरी सीएसआर बंधन 10 कोटी किंवा जास्त आहे अशा कंपन्यांना, आणि तेही 1 कोटी किंवा त्यावरच्या प्रकल्पांसाठी. तुमच्या 18 लाखांकडे परत पाहायला कायदा कोणालाही पाठवत नाही.

---

पाणीवाला | 12 जानेवारी, सायं. 6:45

भूजल खात्यातून निवृत्त. इतके प्रतिसाद झाले, पण एकानेही विचारलं नाही की पाण्यात आहे काय?

आरओ हे औषध आहे. रोगाचं नाव माहीत नसताना औषध घेत नाहीत. क्षार जास्त असतील, फ्लोराइड असेल, तर आरओचा विचार करा. भारतीय मानकात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत इष्ट, दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. फ्लोराइड 1, फार तर 1.5. नायट्रेट 45 च्या वर नको. आधी हे आकडे आणा. शासकीय प्रयोगशाळेत नमुना द्या, आणि प्रत्येक स्रोताचा वेगळा: सार्वजनिक विहीर, शाळेची बोअर, हातपंप. बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून भरा. कोल्ड्रिंकच्या बाटलीत आणू नका, हात जोडतो.

गावच्या प्लांटमध्ये निम्मं पाणी नालीत जातं, कधी त्याहून जास्त. मेंब्रेन, म्हणजे आतली गाळणी, दोन-तीन वर्षांत बदलावं लागतं. उन्हाळ्यात विहीर तळाला गेलेली असताना निम्मं पाणी नालीत सोडणारं यंत्र बसवायचं, हा हिशेब मला कधी कळला नाही. फ्लोराइडसाठीसुद्धा आधी साधे उपाय होतेच. तुरटी आणि चुन्याची नलगोंडा पद्धत आपल्या नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने काढली. नाव तेव्हाच्या आंध्रातल्या नलगोंड्याचं पडलं, डोकं नागपूरचं.

---

कुहीची_सून | 12 जानेवारी, रात्री 9:55

मी बचत गटाची सचिव. आमाले पाणी नाही, डाळमिल भेटली होती. तिची कहाणी ऐका.

कंपनीच्या संस्थेनं मिनी डाळमिल दिली, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या मॉडेलची, मशीन चांगली. उद्घाटन झालं, नारळ फुटला, आमच्या बारा जणींचा गुलाबी साडीत फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं, चालेच ना. मोटर थ्री-फेजची, आणि आमच्या खोलीत सिंगल फेज. थ्री-फेज शेतीच्या लाइनवर, तीही रात्री बारानंतर. कोणी विचारलंच नव्हतं. सहा महिने मशीनवर पोतं टाकून ठेवलं. नवरे हसत, "डाळ शिजली का?"

मग आमीच वीज कंपनीच्या दारात बसलो, नवीन कनेक्शनसाठी प्रत्येकीनं 700 रुपये काढले. खरं सांगू, ते 700 गेले म्हणूनच मशीन चालली. फुकटची असती तर पोतं आजही तिच्यावर असतं.

आता फेब्रुवारी ते मे, दिवसाले चार-पाच क्विंटल. तूर आधी तेल-पाणी लावून वाळवावी लागते, घाई केली की डाळ कमी आणि चुरी जास्त. चुनी ढोरांले जाते, ती इकून वेगळा पैसा. मेन गोष्ट म्हणजे डबा. दर क्विंटलमागे 50 रुपये वेगळ्या डब्यात, खाते-वही वेगळी. त्याला हात लावायचा नाही, कोणाचं लग्न असो का तेरवी. पट्टा तुटला, रोलर घासला, त्यातूनच. मागच्या वर्षी रोलर बदलला तेव्हा कोणाच्या तोंडाकडे पाहावं लागलं नाही.

---

तर्रीपोहे | 12 जानेवारी, रात्री 10:10

कुहीच्या ताई, डाळ कितीनं देता? सीरियस विचारून राहिलो.

---

कुहीची_सून | 12 जानेवारी, रात्री 10:14

इथं नाही सांगत भाऊ. खासगी निरोप पाठवा.

---

वेणाकाठ | 13 जानेवारी, रात्री 8:30

सगळ्यांचे आभार. डब्याची कल्पना वहिनीला फार आवडली. माझ्या डोक्यात आणखी एक आहे: 18 पैकी 3 लाखांची बँकेत एफडी करायची आणि व्याजातून देखभाल. जमेल का?

---

लेखाशीर्ष | 13 जानेवारी, रात्री 9:10

जमणार नाही. ठेव करून ठेवायला दिलेला पैसा 22 जानेवारी 2021 पासून सीएसआरमध्ये धरत नाहीत. त्याऐवजी देखभालच प्रकल्पात घाला: तीन वर्षांचा दुरुस्ती करार, प्रकल्पाच्या खर्चातच. त्यानंतरचा डबा गावाने भरायचा.

आणि मालकी आधीच लिहून घ्या. सीएसआरच्या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता कंपनी स्वतःच्या नावावर ठेवू शकत नाही. ती नोंदणीकृत संस्थेच्या, लाभार्थ्यांच्या बचत गटाच्या किंवा पंचायतीसारख्या सार्वजनिक प्राधिकरणाच्या नावावर जाते. शेजारच्या गावात हस्तांतराच्या कागदावर सही कोणी केली, ते शोधा. बहुधा माजी सरपंच निघतील.

---

वेणाकाठ | 27 जानेवारी, रात्री 11:00

काल ग्रामसभा झाली. (हो, माजी सरपंचच निघाले.)

पाण्याचे रिपोर्ट आदल्या दिवशी हाती आले होते. सार्वजनिक विहीर: क्षार 810, नायट्रेट 78. शाळेची बोअर: क्षार 560, फ्लोराइड 0.6, नायट्रेट 19. पाणीवालेकाकांना फोटो पाठवला तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, विहिरीजवळ उकिरडा आहे का? आहेत. तीन. त्यातला एक आमचाच.

वहिनीने रिपोर्ट मोठ्याने वाचला. पाणी उकळलं तरी नायट्रेट जात नाही आणि बाटलीचं दूध पिणाऱ्या लेकरांना त्याचा त्रास होतो, हे सांगितल्यावर बायका पुढे सरकून बसल्या. कमानीचा विषय कोणी काढलाच नाही. सरपंचांनी काढायचा प्रयत्न केला, पण त्यांच्याच आईने "बस खाली" म्हटलं.

ठरलं ते असं. आरओ नको. नळयोजनेची टाकी आधीच उभी आहे, पाइप निम्म्या गावात आहेत. शाळेच्या बोअरवर सोलर पंप बसवून तिथून टाकीपर्यंत लाइन न्यायची, उरलेल्या दोन गल्ल्यांत पाइप टाकायचे. विहिरीची जगत (काठाचा ओटा) उंच करायची, सांडपाणी दूर काढायचं, विहीर फक्त वापरासाठी. उकिरडे गावाबाहेर. त्याला कंपनीचा एक रुपया लागत नाही, पण भांडण सगळ्यात जास्त त्यावरच झालं. माझा भाऊ वहिनीशी कालपासून बोललेला नाही. घरटी महिना 30 रुपये, बचत गटाच्या वेगळ्या खात्यात. वसुली आणि पॅनल पुसणं गटातल्या दोघींकडे.

---

पाणीवाला | 28 जानेवारी, सकाळी 6:20

उत्तम. दोन गोष्टी. बोअरची एप्रिल-मेमधली पातळी मोजल्याशिवाय पंपाची क्षमता ठरवू नका, विकणारा नेहमी मोठाच सांगतो. आणि बोअरपासून शाळेचं संडास किती अंतरावर आहे ते टेपने मोजा, पावलांनी नाही.

---

एम्प्रेसवाला | 28 जानेवारी, सकाळी 7:40

वहिनींना सांगा, ज्या दिवशी त्या सरपंच होतील त्या दिवशी मी पेढे घेऊन येतो. खनिज प्रतिष्ठानचा अर्ज सासऱ्यांनी टाकला आहे, पोच घेतली आहे.

---

वेणाकाठ | 9 मार्च, रात्री 9:25

धागा वर काढतो.

साहेब आधी नाराज झाले. आरओचं कोटेशन त्यांनी मागवून ठेवलं होतं. लेखाशीर्षभाऊंनी सांगितलेलं चालू प्रकल्पाचं मी घाबरत घाबरतच काढलं. त्यांनी दोन मिनिटं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे मीच वर सांगून पाहतो." मागच्या आठवड्यात मंजुरी आली. विहिरीचं काम या महिन्यात, पाइप उन्हाळ्यात, पंप मेमधली पातळी मोजून. तीन वर्षांचा दुरुस्ती करार धरून पावणेसतरा लाख. दोन उकिरडे हलले. तिसरा आमच्या भावाचा, तो "होळीनंतर" म्हणतो.

आता अडलंय ते बोर्डावर. वहिनीचं म्हणणं, कंपनीच्या नावाखाली मेकॅनिकचा फोन नंबर आणि करार कधी संपतो ती तारीख लिहा. कंपनी म्हणते, बोर्डाचं डिझाइन मुंबईहून येतं, त्यात जागा नाही.

---

तर्रीपोहे | 9 मार्च, रात्री 9:31

बोर्डाच्या मागच्या बाजूले लिहा ना मग.

---

वेणाकाठ | 9 मार्च, रात्री 9:33

मागे भिंत आहे.